ओल्या बाजूच्या पायऱ्या

रत्नागिरीतल्या त्या कारंज्याला दोन बाजू आहेत, एक कोरडी आणि एक ओली. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं. दिवे लागले, गाणं सुरू झालं की तो मोकळी दिसेल ती पायरी धरतो आणि एवढी चांगली जागा कशी मिळाली म्हणून स्वतःवरच खूश होतो. मग मधला मोठा फवारा सुटतो, समुद्राकडचा वारा तो उचलतो आणि आणून त्याच्या डोक्यावर ओततो. गावातली माणसं समोरच्या कोरड्या पायऱ्यांवर बसून शेंगा खात हे बघतात. शो फुकट आहे, आणि माझ्या मते त्यातला निम्मा शो हाच.

पाहुण्यांना मी ओल्या बाजूला बसवलं. मुद्दाम.

पाहुणे म्हणजे माझ्या भाचीला बघायला आलेला मुलगा, त्याचे वडील आणि चाकांच्या खुर्चीत बसलेली त्याची आजी. भाची माझ्या भावाची मुलगी. भाऊ गावी असतो, देवरूखच्या वर डोंगरात. मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे आली आणि माझ्याकडेच राहिली. तिचं स्थळ बघायचं काम भावाने माझ्यावर टाकलं होतं. ‘ताई, तुला माणसं कळतात,’ म्हणाला. माणसं मला कळतात, कारण मी त्यांच्याकडून माल घेते आणि त्यांना माल विकते. आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी. एका पिशवीपासून सुरुवात केली, आज माझ्या शेडमध्ये बायका कामाला आहेत. पुण्याचा व्यापारी फोनवर माझा आवाज ऐकला की आधी पाणी पितो, असं त्याच्याच ड्रायव्हरने मला सांगितलंय.

हे स्थळ एका ओळखीच्या बाईने आणलं. मुलगा जहाजावर इंजिनात, घर हेदवीकडचं, आता रत्नागिरीत स्थायिक. तिने आडनाव सांगितलं आणि माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली. तीस वर्षांपूर्वी याच घरातून माणसं मला बघायला आली होती. या मुलाच्या थोरल्या काकासाठी. जेवून गेली, जाताना माझ्या आईला म्हणाली, मुलगी छान आहे, कळवतो. आठवड्याने निरोप आला, देवाचा कौल झाला नाही.

आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाला कौल लावतात. गुरव दगडी मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. माणूस नाही म्हणाला तर त्याच्याशी बोलता येतं. मुलगी काळी वाटली? शिक्षण कमी पडलं? देणंघेणं वाढवायचं? सगळ्यावर काही ना काही तोड निघते. पण देव नाही म्हणाला तर कुणाशी बोलणार? माझ्या वडिलांनी हात जोडले आणि विषय संपला. पण गावात संपला नाही. ज्या मुलीला देवच नाही म्हणाला तिच्याकडे दुसरं स्थळ कशाला येईल? दोन आली, चौकशी करून परत गेली. मग येणंही थांबलं.

पुढे धंद्यात पडल्यावर त्यांच्या गावचा गुरव माझ्याकडे आमसुलांसाठी रातांबे घालायला यायचा. एकदा मी त्याला सहज विचारलं. तो हसला. ‘त्या घरचं माणूस कौलाला कधी येत नाय हो. त्यांचा सगळा मुंबईच्या ज्योतिषावर.’

म्हणजे कौल लावलाच नव्हता. माझ्याबाबतीत देवाचं नाव पुढे करून खोटं बोलले होते. मी त्या दिवशी गुरवाच्या रातांब्यांचा भाव इतका पाडला की तो पुन्हा माझ्याकडे आला नाही.

तर मी त्या ओळखीच्या बाईला म्हटलं, बघू की स्थळ. पण घरी नको. हल्ली मुलींना घरात ट्रे घेऊन यायला आवडत नाही, आपण कारंज्याच्या शोला भेटू. तिला ते फारच आधुनिक वाटलं. माझ्या मनात वेगळं होतं. मला माझ्या बापाच्या पडवीत, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर नाकारलं होतं. मला त्यांना चार लोकांत नाकारायचं होतं, आणि त्याच शब्दांत. भाचीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिच्यासाठी आणखी दहा स्थळं आली असती.

सांगायचं राहिलं, मला फुकटची गोष्ट आवडत नाही. जिथे भाव नाही तिथे मला बसवत नाही. पण त्या संध्याकाळी मी वेळेच्या आधी जाऊन उभी होते.

म्हातारी ऐंशीच्या पुढची. केस गेलेले, नाक तेच. मला तिने ओळखलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. मी म्हटलं, ‘आजी, तुमच्या खुर्चीला उतार त्या बाजूला आहे, तिकडेच बसू.’

भाची माझ्या कानाशी आली. ‘आत्या, अगं तिकडे ओलं होतं.’

‘गप बस.’

‘त्या आजारी दिसतायत.’

‘मग लवकर आटपेल. बस म्हटलं ना.’

मी स्वतः कठड्याच्या कोपऱ्यात उभी राहिले. तिथे खांबाचा आडोसा आहे. मुलाच्या वडिलांनी बोलायला सुरुवात केली. जहाज कुठे कुठे जातं, पगार, मागच्या वर्षी बांधलेला मजला. मी प्रत्येक गोष्टीत खोट काढत होते. मला ते करताना फार बरं वाटत होतं.

‘सहा महिने जहाजावर म्हणजे मुलीने काय करायचं? भिंतींशी बोलायचं?’

‘माझी आई आहे ना घरी,’ ते म्हणाले.

‘आई किती दिवस पुरणार?’

वडिलांचा चेहरा पडला. म्हातारी कारंज्याकडे बघत होती, निळं पाणी जांभळं होत होतं. मुलगा मात्र हसला, का कोण जाणे. दात पुढे होते. मी तेही बोलले, ‘जहाजावर दाताचा डॉक्टर नसतो वाटतं.’ भाचीने माझ्याकडे असं बघितलं, जणू ती मला ओळखतच नाही.

तेवढ्यात मोठा फवारा सुटला.

मी वाट बघत होते ते हेच. पाणी वर गेलं, क्षणभर लाल दिव्यात थांबल्यासारखं दिसलं, वाऱ्याने वाकलं आणि सगळं त्यांच्यावर आलं. समोरच्या पायऱ्यांवर हशा पिकला. पण भाची एक क्षण आधीच उठली होती. तिने ओढणी काढून म्हातारीच्या डोक्यावर धरली, मुलाने दुसरं टोक पकडलं, आणि दोघं तिच्यावर छप्पर करून वाकून उभी राहिली, पाठी भिजवत. दोघंही हसत होती. वडील बिचारे एकटेच चिंब झाले, त्यांच्यावर कुणी काही धरलं नाही.

ओढणीखालून म्हातारीचा आवाज आला, ‘काय गो बाय, तुला ठाऊक होतं पाणी इकडे येतं?’

‘हो आजी.’

‘मग आम्हाला इथे कुणी बसवलं?’

भाचीने माझं नाव घेतलं नाही, पण म्हातारीने ओढणी बाजूला सारून सरळ माझ्याकडे बघितलं. मला कळलं की तिने मला केव्हाच ओळखलंय.

मग मी थांबले नाही. गाणं चालू होतं, मी त्याच्यावर आवाज चढवला. ‘मुलगा बरा आहे. घर बरं आहे. पण आजी, आमच्याकडून जमणार नाही. देवाचा कौल झाला नाही.’

हे वाक्य मी इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. बोलून झाल्यावर तोंड एकदम रिकामं वाटलं. मागच्या पायरीवरची दोन माणसं कारंजं सोडून आमच्याकडे बघायला लागली. बघू देत, मी म्हटलं.

म्हातारी काही बोलायच्या आत भाची बोलली. ‘आत्या, कौल झाला.’

‘काय?’

‘बाबांनी सोमवारी लावला. तुझ्याकडून स्थळ कळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवळात गेले. उजवा दिला देवाने. मला फोन आला होता.’

‘मला कुणी सांगितलं नाही.’

‘तुला आवडत नाही ना, कौल म्हटलेलं. बाबा म्हणाले, आत्यापुढे तो विषय काढू नको.’

माझी चूक झाली ती एवढीच. मी पुण्याच्या व्यापाऱ्याचा, ट्रकवाल्याचा, शेजारच्या कारखानदाराचा सगळा हिशोब डोक्यात ठेवते, पण माझा भाऊ अजून गावात राहतो आणि गावात राहणारा माणूस मुलीचं लग्न ठरवताना आधी देवळात जाईल, ही साधी गोष्ट मी धरली नव्हती. त्या घराने कौल लावला नव्हता म्हणून मी धरून चालले की आता कुणीच लावत नाही.

म्हातारी हसायला लागली. खोकत खोकत हसली. मुलाने तिच्या पाठीवरून हात फिरवला तर तिने तो झटकला. ‘म्हणजे तूही देवाच्या नावावर खोटं बोलतेस,’ ती मला म्हणाली. ‘मला वाटायचं मीच तेवढी.’

‘तुम्ही कबूल करताय.’

‘न करून आता काय मिळणार? नव्हता लावला आम्ही.’

‘मग का नाही म्हणालात? तोंडावर सांगा. सगळ्यांसमोर.’

‘सांगते. आम्ही पुढल्या पडवीत बसलेलो. तुमच्या मागल्या दारी कोळीण आली बांगडे घेऊन. आणि तू तिच्याशी भांडत होतीस. मी मुलगी बघायला आले होते, माझ्या कानात नुसता तुझा भाव. टोपली उचलून ती निघाली की तू परत बोलवायचीस, ती बसली की परत पाडायचीस. ती बाई शेवटी रडकुंडीला आली. मी म्हटलं, ही माझ्या घरात आली तर माझ्या मुलाला आठवडी बाजारात उभा करून विकेल.’

मुलाच्या वडिलांनी ‘आई, पुरे’ म्हटलं. मी त्यांना गप्प केलं. ‘ते बांगडे तुमच्याच जेवणासाठी होते,’ मी म्हटलं. ‘घरात होते तेवढ्या पैशांत तुम्हा सगळ्यांना पुरवायचे होते. तुमच्याच ताटात पडले. काटे चोखून खाल्लेत तुम्ही.’

‘चांगले होते बांगडे,’ म्हातारी म्हणाली. ‘तुझ्या आईला तसं बोललेही होते मी.’

मी अजून पुष्कळ बोलले. काय काय ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द मी परत घेणार नाही. तिच्या खुर्चीबद्दल बोलले, मरणाबद्दल बोलले, तिचा थोरला मुलगा तिला मुंबईहून बघायलासुद्धा येत नाही हे मला माहीत होतं, तेही बोलले. ते मात्र तिला लागलं. ती एकदम पाण्याकडे बघायला लागली आणि हनुवटी हलायला लागली. मला वाटलं, आता बरोबरी झाली.

भाची म्हणाली, ‘आत्या, तू घरी जा.’

‘आणि तू?’

‘मी यांना रिक्षापर्यंत सोडून येते.’

पुढचा फवारा आला तेव्हा तिने खुर्ची स्वतः वळवली आणि उतारावरून ढकलत कोरड्या बाजूला नेली. मुलगा बरोबर चालत होता. कोरड्या पायरीवर तिने लोकांना सरकायला लावलं आणि जागा करून घेतली. शो अर्ध्यावर होता. तो त्यांनी शेवटपर्यंत बघितला. मी खांबापाशी उभी राहून त्यांना बघितलं.

घरी आल्यावर भावाला फोन केला. म्हटलं, या माणसांत मुलगी द्यायची नाही, हे खोटारडे आहेत. भावाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘ताई, देवाने उजवा दिलाय गं.’ मी ओरडले, समजावलं, शेवटी धमकीही दिली, माझ्या घरातून मुलीला एक वस्तू मिळणार नाही. तो प्रत्येक वेळी तेवढंच म्हणाला. ज्या वाक्यापुढे माझ्या बापाने हात जोडले होते, त्याच वाक्याची ही दुसरी बाजू. त्याला तोड नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

लग्न गावी झालं. भाऊ अक्षता घेऊन माझ्या शेडवर आला, बायकांसमोर पाया पडला. मी अक्षता घेतल्या आणि गेले नाही. आत्याचा मान असतो तिथे कुणाला उभं केलं ते मी विचारलं नाही. आमसुलांचा हंगाम होता, मला वेळही नव्हता. भाची जाताना तिचं कपाट रिकामं करून गेली आणि ती ओढणी मात्र खुंटीला राहिली. मी ती शेडमध्ये भांडी पुसायला दिली.

या दिवाळीनंतर एकदा गावात काम आटपून परत येत होते आणि रस्त्यावरून गाणं ऐकू आलं. आत गेले. का गेले ते सांगता येणार नाही. कोरड्या बाजूला, मागच्या पायरीवर बसले. दोन पायऱ्या खाली चाकांची खुर्ची दिसली. शेजारी भाची, एकटीच. नवरा जहाजावर असणार.

ती मक्याच्या कणसाचा भाव करत होती. कणीसवाला टोपली उचलून निघाला. तिने त्याला चार पावलं जाऊ दिलं, मग बोलावलं. तो बसला तर पुन्हा पाडला. ‘हे कणीस आहे की मुळा? दाणे मोज रे.’ हे माझं वाक्य आहे. शेडमध्ये मी रोज म्हणते. तोही चिडला, पुन्हा उठला, पुन्हा बसला. शेवटी दिलं त्याने.

म्हातारी हे सगळं ऐकत होती. दात नव्हते, कणीस तिला खाता येणार नव्हतं. पण ती खुर्चीत पुढे वाकून हसत होती आणि भाचीच्या पाठीवर थाप मारत होती. ‘बरं केलंस गो,’ ती म्हणाली. ‘असंच हवं. आमच्या घरात एकालाही हे जमलं नाही.’

मोठा फवारा सुटला, समोरची माणसं भिजली, सगळे हसले. मी उठले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. कणीस महाग पडलं होतं. तो अजून एकदा उठला असता तर आणखी उतरला असता. तिने एक खेप आधीच सोडलं.