चिरेचा तामडा

वारज्यात आमच्या शेजारी फरशी कापतायत. ओल्या, घासल्या दगडाचा वास खिडकीतून आत आला आणि भाजी निवडता निवडता माझा हात थांबला.

हे गेल्यावर मी पाटल्या मोडून जयपूरहून कच्चे तामडे, म्हणजे गार्नेटचे न घासलेले खडे, विकायला आणले होते. धंद्यातलं काही कळत नव्हतं. शनिवार पेठेतल्या एका सराफांपुढे रुमाल सोडला, तर आत नुसते मातकट लाल, ओबडधोबड खडे.

"अहो बाई, हे खडे आहेत की रस्त्यावरची खडी?" त्यांनी सगळ्यांत मोठा खडा उचलून उजेडात धरला. "हा कापून बघू. आतून स्वच्छ निघाला तर सगळे घेतो. नाहीतर आपण निघायचं."

"कापा," मी म्हणाले.

मागच्या खोलीत चाक फिरू लागलं. पाण्याची धार, करकर आवाज आणि हाच वास. मी पदर मुठीत आवळून उभी होते. एवढ्यात टक्‌कन आवाज झाला. कारागिराने खड्याचे दोन तुकडे आणून ठेवले.

मी रुमाल आवरायला लागले.

"थांबा की! चीर होती, तिथेच तुटलाय. बाकी स्वच्छ आहे. कुड्यांची जोडी होईल. ठेवा सगळे."

नशिबाने वाचले, असंच मी कित्येक वर्षं समजत होते. मग एकदा त्यांना तसं बोलूनही दाखवलं.

"नशीब कसलं?" ते म्हणाले. "चीर मला आधीच दिसली होती. सगळ्यांत मोठा खडा पणाला लावून तुम्ही कापू देता का, तेवढंच बघायचं होतं."