नव्वद दिवसांचं लेबल

आधी काकूंचं सांगते, मग बाकीचं. दिल्लीतल्या द्वारकेच्या ज्या काकूंकडे मी सहा वर्षं राहिले, त्या नसत्या तर आज मी कुठं असते, कोण जाणे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत फायलींवर टिपणं लिहिण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी वाशीमकडची, आठवीत शाळा सुटलेली. मावसबहिणीच्या बाळंतपणाला दिल्लीत आले, तिच्या नवऱ्याची बदली झाली, आणि मी मागं राहिले ती काकूंच्या पोळ्या लाटत. त्यांनी मला मागची खोली दिली, इंग्रजी गिरवून घेतलं, आणि सोसायटीतल्या एका ओळखीनं गुरुग्रामच्या पलीकडं एका कारखान्यात लावून दिलं.

कारखाना बाथरूमच्या नळांना चकाकी देण्याचा. नळ काळेबेंद्रे आत यायचे आणि आरशासारखे बाहेर पडायचे. त्या चकाकीमागं जी घाण उरायची, ती मागच्या शेडमध्ये निळ्या ड्रमांत साठायची. तिला सगळे स्लज म्हणत. हिरवट करडी, वर साय धरलेली. वास नाकात नाही, जिभेवर बसायचा, पितळेत कळकलेल्या ताकासारखा.

माझं काम लेबलांचं. नियम असा, की हा घातक कचरा नव्वद दिवसांहून जास्त आपल्या आवारात ठेवायचा नाही. परवाना असलेल्या जागी पाठवायचा, तिथं त्यावर प्रक्रिया होते. म्हणून प्रत्येक ड्रमवर पिवळं लेबल, त्यावर लाल अक्षरांत धोक्याची सूचना आणि खाली ड्रम भरल्याची तारीख. ती मी लिहायची. माझं अक्षर वळणदार, तेवढं बघूनच मालकांनी मला ठेवलं होतं.

पहिल्यांदा नव्वद दिवस भरत आले तेव्हा मी रजिस्टर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. "सर, ये बारा ड्रम भेजने पड़ेंगे."

मालक एक नळ फडक्यानं पुसत होते. "बेटा, ड्रम को क्यों तकलीफ़ देती है? लेबल बदल दे."

केबिनमधले सगळे हसले. मीही हसले, त्याची लाज आता वाटते.

जुनं लेबल खरवडून काढायचं आणि आजच्या तारखेचं नवं लावायचं, असा हुकूम. पण ड्रमांना बाहेरूनही ओघळ असायचे. खरवडायला गेलं की तो बुळबुळीत थर नखात जायचा. एकदा साबणानं तीनदा हात धुऊन डबा उघडला, पोळीचा तुकडा तोंडाशी नेला, आणि बोटांना तोच वास. तिथंच ओकले. त्यानंतर मी खरवडलं नाही. जुन्यावरच नवं डकवत गेले. बाजारचा गोंद त्या ओलीवर धरेना, म्हणून घरून कणकेची खळ शिजवून न्यायला लागले.

"खळ कशाला गं?" काकूंनी विचारलं.

"ऑफिसात कागद चिकटवायला." तसं खोटं नव्हतं.

तपासणीवाले यायचे, त्याआधी मालकांना कुठून तरी कळायचंच. मग शेडच्या तोंडाशी कुंड्या मांडायच्या, गुलाबाचा फवारा मारायचा. त्या घाणीवर गुलाब! त्याहून ओंगळ वास मी जन्मात घेतला नाही. साहेब रुमाल नाकाला लावून दारातूनच बघायचे, पिवळं दिसलं की लिहून घ्यायचे, आणि समोसे खायला वळायचे.

शेडच्या भिंतीपलीकडं हातपंप होता. कामगारांच्या बायका तिथं पाणी भरायच्या. पाण्यावर पिवळट तवंग. "हमको तो आदत है," त्यांतली एक म्हणाली आणि त्याच पाण्याचा चहा माझ्यापुढं केला. नाही कसं म्हणायचं? प्यायले. घोट उतरताना डोळ्यांपुढं माझंच वळणदार अक्षर.

पावसाळा संपता संपता तपासणीला एक नवीन मॅडम आल्या. रुमाल नाही, काही नाही, सरळ शेडमध्ये. ड्रमापाशी उकिडव्या बसल्या. एका लेबलाचा कोपरा सुटला होता, तो त्यांनी नखानं ओढला, आणि शिळ्या पोळ्यांची चवड निघावी तसा गठ्ठाच हातात आला. एकाखाली एक, सहा लेबलं. सहा तारखा.

"किसकी लिखाई है?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. "बच्ची है मैडम. आठवीं पास. ग़लती हो गई इससे."

दुसऱ्या दिवशी मालकांनी एक टाईप केलेला इंग्रजी कागद पुढं सरकवला. "साइन कर दे बेटा. माफ़ीनामा है, बस. तेरी नौकरी पक्की."

मी कागद उचलून त्याची घडी घातली. वाचल्याशिवाय सही नाही, हे काकूंचं एवढंच आठवलं. "घर जाके पढ़ के लाती हूँ, सर."

"घर में कौन-सा वकील बैठा है?"

"काकू हैं."

"अच्छा! ले जा, आरती भी उतरवा ले."

संध्याकाळी काकूंनी भिंग घेऊन तो कागद ओळ-ओळ वाचला. त्यांची नजर तेव्हाच अधू होत चालली होती. "अगं, हा माफीनामा नाही. ड्रमांची सगळी जबाबदारी तुझी, नियम तुला समजावले होते, आणि मालकांना न कळवता तारखा तू बदलल्यास, असं आहे यात. बिल्कुल सही करायची नाही."

"नोकरी जाईल, काकू."

"नोकरीच जाईल. सही केलीस तर तू जाशील." मग भिंग खाली ठेवून, "पण लेबलं तूच लावलीस ना? कळत होतं तुला?"

"कळत होतं," मी म्हणाले.

"मग तेही लिहायचं."

मी मराठीत सांगत गेले, त्या इंग्रजीत लिहीत गेल्या. खळीपाशी आलो तेव्हा लेखणी थांबली. "माझ्या कणकेची?" आणि त्यांनी असं काही "शी!" केलं, की बारा ड्रमांचा वास घरात आल्यासारखं झालं. उठून हात धुऊन आल्या आणि पुढचं लिहिलं.

सकाळी काकू स्वतः माझ्याबरोबर त्या मॅडमच्या कचेरीत आल्या. मला जबाबाला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा काकू शेजारी बसल्या. शेवटी दोष मालकांवर आला, माझ्यावर नाही. कारखान्याला टाळं लागलं. हातपंपावरची ती बाई रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "तूने तो हमारी रोटी छीन ली." त्याहून घाण गोष्ट ही, की ड्रम कित्येक महिने तिथंच होते. आता वर सरकारी लाखेची मोहर, आणि खालून तोच ओघळ.

काकू आता नागपूरला पुतण्याकडं असतात. डोळे जवळजवळ गेलेत. परवा फोनवर हसत म्हणाल्या, "बँकेचा मुलगा घरी येतो गं. कागदावर माझं बोट ठेवतो, इथं करा म्हणतो. मी करते सही." मी हसू शकले नाही. रात्रभर तेच डोक्यात.

काकू, हल्ली मी शिवणाच्या कारखान्यात आहे, लांब रजा मिळत नाही. पण एक दिवस येईन. तुमच्यापुढं येणारा प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवीन, तुमच्यासारखाच, एक अक्षर न गाळता. सही मग करा. तोवर त्या मुलाला सांगा, घरी वाचणारी यायची आहे.