गुलाबी नायलॉन

दुकानातल्या मुलीने एक निकर हातात दिली. ते निसरडं कापड बोटांना लागलं आणि मी हात मागे घेतला. थेट वरोऱ्यातला शहाऐंशी सालचा एप्रिल आठवला.

तोवर आई जुन्या लुगड्याच्या मऊ चड्ड्या शिवायची. त्या वर्षी तिने बाजारातून गुलाबी नायलॉनच्या दोन आणल्या. धुतल्यावर त्या कुणाला दिसू नयेत म्हणून टॉवेलखाली वाळत घालायच्या, म्हणजे कायम दमटच. वरून ते ऊन! घामाने कापड कातडीला चिकटून बसायचं, इलास्टिकखाली पुरळ उठून फुटायचं, आणि संध्याकाळी नासक्या ताकासारखा वास सुटायचा. शी! माझ्याच अंगाची किळस यायची मला.

"आई, मले लय खाजून राह्यलं. लुगड्याचीच दे ना."

आई नुकतीच कापसाच्या जिनिंगमधल्या कामावरून आली होती. केसांत, भुवयांत, नाकपुड्यांतही कापूस.

"नाई," ती खोकत म्हणाली. "माहा जनम कापसात चालला. तुह्या अंगाले तरी कापूस नको."

मी तीच दमट चड्डी पुन्हा चढवली.

आज मात्र सुतीच घेतल्या, चांगल्या सहा. घरी आले आणि आधी ती पिशवी आईच्या नजरेआड ठेवली.