आडवं ठेवलेलं पुस्तक

आधीच सांगून टाकते... आमच्या घरी देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून भांडी घासायला जाणारी मीच. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही.

मी कणकवलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पीएचडी केली तीही आमच्याच पेशावर — ग्रंथपालांना अभ्यासक्रमात शिकवतात काय आणि लायब्ररीत उभं राहिल्यावर लागतं काय. त्यासाठी निवृत्त ग्रंथपालांच्या मुलाखती घेत फिरले. त्यातल्या एक मालवणच्या लोबो मिस.

मिस म्हणजे फटकळ बाई. शुगरने डोळे गेलेले, पण तोरा जाग्यावर. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “तुमका कॉम्प्युटर शिकवतत, पुस्तक अर्ध्यावर टाकून जाणाऱ्याकडे बघूक कोण शिकवता गो?” मग त्यांनी स्वतःची एक युक्ती सांगितली. शेवटच्या एसटीसाठी वाचन अर्धं टाकून पळणारी पोरं असायची. मिस ते पुस्तक उभं लावायच्याच नाहीत. त्याच्याच रांगेवर आडवं ठेवायच्या. “आडवा पुस्तक दिसला काय समजायचा, कोणतरी परत येतलो. तेका हात लावायचो नाय.”

निघताना त्यांनी एकच मागितलं. “जलमभर पुस्तकांच्या कार्डांवर दुसऱ्यांची नावां लिवलंय. आडनाव, स्वल्पविराम, नाव. एकदा माझा पण छापान येवंदे.”

“येतलाच, मिस,” मी म्हटलं. तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं, हे मला आजही खरं वाटतं.

पण गाइडना ती युक्ती फार आवडली. “हे तुमचं मूळ योगदान. तुमचंच ना?” त्यांनी विचारलं. मी ‘हो’ म्हणून बसले. पुढे ते निस्तरायला जमलंच नाही... खरं म्हणजे जमवलं नाही. लेखकाचं नाव आधी, हे आम्हाला नोंद करायला शिकवतात तेव्हा पहिल्याच तासाला सांगतात. आणि मी, ग्रंथपाल, नेमकं तेच गाळलं. आभाराच्या पानावर बाइंडिंगवाल्याचंसुद्धा नाव आहे. मिसचं नाही.

प्रबंधाची एक प्रत आमच्या लायब्ररीतल्या काचेच्या कपाटात लावली. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं तर बाकी सगळे प्रबंध उभे, माझा मात्र त्यांच्यावर आडवा.

मी तो उभा केला. पुढच्या सकाळी पुन्हा आडवा. मग हे रोजचंच झालं.

आमचे अटेंडंट सावंत म्हणाले, “उंदीर आसतलो, मॅडम.”

“बंद कपाटात?”

“मगे उंदराक पीएचडी व्हयी आसतली,” असं म्हणून ते हसत झाडू मारायला गेले. मीही हसले, पण कुलूप पुन्हा ओढून पाहिलं. कारण आडव्या पुस्तकाचा अर्थ त्या अख्ख्या कॉलेजात फक्त मला माहीत होता.

शेवटी एका रविवारी प्रबंध घेऊन मालवणची एसटी पकडली. पीएचडी झाल्याचं मिसना मी कळवलंच नव्हतं. आज सगळं कबूल करायचं, असं ठरवून निघाले होते.

मिस बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. माझं पाऊल ऐकून म्हणाल्या, “इलंस? पुस्तक घेऊन इलंस मा?”

“मिस... तुमका कोणी सांगितल्यान?”

“सांगूक कित्याक व्हया? रोज सकाळी जाग येताना मी तुझ्या कपाटाकडे आसतंय. पुस्तक आडवा घालतंय. तू उभा करतंस, मी परत घालतंय. सपान म्हण, काय पण म्हण.” मग हात पुढे करून म्हणाल्या, “वाच. माझा नाव आसा ता वाच.”

मी पिशवीतून प्रबंध काढला. पान उघडलं. तो चेहरा इतका आशेने माझ्याकडे वळला होता... आणि मी नसलेली ओळ वाचली. “पुस्तक राखून ठेवण्याची ही पद्धत — लोबो, आग्नेस यांची.”

“आडनाव आधी घातलंस?”

“होय, मिस. मगे स्वल्पविराम.”

त्यांनी पानावरून बोट फिरवलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावरून फिरत होतं ते. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. “बरा केलंस गो. आता उभा ठेव.”

त्या दिवसापासून प्रबंध उभा आहे. एकदाही आडवा झालेला नाही.

हे कसं घडलं, मला सांगता येत नाही. कपाट सुताराला दाखवलं, फळी सरळ आहे. कुलूपही बदललं. वाचकांपैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. पण मला छळतं ते वेगळंच. तो रोज आडवा सापडायचा तोवर निदान कुणीतरी माझी वाट बघत होतं. आता मिसनी माझ्यावर विश्वास ठेवलाय.

न राहवून परवा मी स्वतःच तो प्रबंध आडवा ठेवला आणि कुलूप लावलं.

काल सकाळी उघडलं, तर तो उभा होता.