दिनानाथांचा कोबा पास होतो

रबाळ्याच्या कारखान्यात दिनानाथांनी एकतीस वर्षं माल तपासला. त्यांनी नापास केलेला माल मालकालाही पास करून घेता आला नाही. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला, तेव्हा बायकोनं, जयमालाबाईंनी, आमटीचीच धास्ती घेतली होती. नशिबानं तळघराचं काम निघालं.

पुण्यातला मुलगा शौनक म्हणाला होता, "बाबा, खांदेश्वरच्या घराच्या तळघरात लाकडी फ्लोअरिंग करा. मी तिथं ऑफिस थाटतो, आम्ही दोघं तुमच्याकडेच राहायला येतो." तेवढ्यावर जयमालाबाईंनी नव्या गाद्या भरून घेतल्या. दिनानाथांनाही आतून फार आनंद झाला होता, पण तो त्यांनी कामाला लावला.

मे महिन्यात फरशीवाल्या गोटीरामनं वॉटरप्रूफिंग करून वर सिमेंटचा कोबा केला. जूनमध्ये त्यानं प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी पट्टी मारून कोब्यावर चिकटवला. जमिनीतून ओल येत असली तर कळेल, नाहीतर लाकूड फुगेल. उद्या बघायला येतो म्हणाला. दिनानाथ म्हणाले, "तपासणी माझ्याकडे. पास झाला की बोलावतो."

मग रोज सकाळी ते कोबा वाळावा म्हणून तळघराच्या खिडक्या सताड उघडत, चहा घेऊन खाली उतरत आणि प्लास्टिकवरून बोट फिरवत. बोट ओलं. वहीत 'नापास'. बाहेर धो धो पाऊस. शौनकचा फोन आला की त्यालाही हाच अहवाल. असे चार महिने गेले.

शेवटी कंटाळून गोटीराम स्वतःच आला. त्यानं वाकून पट्टी उचकटली आणि खाली हात फिरवला.

"साहेब, पानी प्लास्टिकच्या वर हाय. खाली बगा, कोरडं ठनठनीत. वरचं पानी हवेतलं, तुमीच खिडक्या उगडून आत घेताय. कोबा तर जूनलाच पास झालता."

दिनानाथांनी तीनदा हात लावून पाहिला. मग कारखान्यात कधी नव्हती अशा घाईनं शौनकला फोन लावला. "अरे, कोबा पास झाला. या आता."



"बाबा, आम्ही इथंच फ्लॅट घेतला. गेल्या महिन्यात. सांगणार होतो, पण फोनवर तुम्ही ओलीशिवाय दुसरं काही बोलायचाच नाहीत."

"बरं," दिनानाथ म्हणाले. "कितवा मजला?"

"चौदावा."

"ओल नाही ना?"

"नाही बाबा."

फोन ठेवून दिनानाथांनी वही उघडली आणि चौदाव्या मजल्यापुढं 'पास' लिहिलं.