जरीच्या काठाचा ओरखडा

माझं लग्न सासऱ्यांना मान्य नव्हतं. मुलीनं परस्पर ठरवलं, हा त्यांचा राग. पुढं त्यांनी घराचं दार उघडलं, पण माझ्याशी तोंड उघडलं नाही. मी समोर बसलेलो असलो तरी बायकोला सांगत, त्यांना चहा विचार. ती विचारी, मी हो म्हणे, आणि आम्ही तिघं गुपचूप चहा पीत असू. दोन वर्षं असं चाललं. मला राग येई, पण त्याहून जास्त वाईट वाटे. त्यांनी मला घरचा धरावं, एवढंच मला हवं होतं.

त्यांचा सगळा जीव काळ्या गाडीवर. निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली. पडेगावच्या त्या घरी बोअरचं पाणी इतकं जड, की गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके पडत, ते नखानंही निघत नसत. म्हणून शेवटचा हात मारायला ते नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या राखून ठेवत. नळ यायचा चार-पाच दिवसांनी. सासूबाई त्या बादल्यांकडं बघत आणि कामाला लागत.

दसऱ्याला आम्ही तिथंच होतो. सकाळी सासरे झेंडूची फुलं आणायला गेले, तेवढ्यात मी गाडी धुतली. त्यांनी खूश व्हावं, दुसरं काय! ऊन अंगणात उतरत होतं, ठिपके पडायच्या आत पुसायला हवं होतं. दोरीवर त्यांचं जुनं धोतर होतं. पण सणासुदीला, पूजेच्या गाडीला जुनेर लावायचं? मनाला पटेना. मी कपाटातून आहेरात आलेलं कोरं उपरणं काढलं आणि चांगला जोर लावून बॉनेट पुसलं. ठिपका एकही राहिला नाही. मागं सरून पाहिलं तर बारीक रेघांचं जाळं, आणि मधोमध वीतभर ओरखडा. उपरण्याचा काठ जरीचा होता.

सासरे आले. पिशवी खाली ठेवून त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. मी बायको कुठं दिसते का बघू लागलो, कारण बोलणी तिच्यामार्फतच यायची होती.

"जर लावली व्हय गाडीला?" ते थेट मलाच म्हणाले.

बाकीची गाडी अजून ओलीच होती. त्यांनी दोरीवरचं धोतर ओढलं, नळाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि टपावर सपाट पसरलं. "घासायचं नाय. नुसतं अंथरायचं, अन् टोकं धरून हळू ओढायचं. पाणी त्याचं तेच शोषून घेतं." आधी टप, मग काचा, मग दारं; खालच्या मातकट भागाला फडकं निराळं. एका बाजूची टोकं त्यांनी धरली, दुसऱ्या बाजूची मी. माझ्या अकलेचा उद्धार शेवटपर्यंत चालू होता. इतक्या आनंदानं मी कुणाची बोलणी खाल्ली नाहीत.

संध्याकाळी सोनं द्यायला त्यांचे थोरले भाऊ आले. लग्नाला सगळ्यात जास्त विरोध यांचाच. त्यांची नजर आधी बॉनेटवर गेली, मग माझ्यावर. परक्या माणसाला गाडीला हात लावू दिला होता का, असं त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी आपट्याची पानं भावाच्या हातात ठेवली.

"परकं कोण आलंय इथं?" ते म्हणाले. "माझ्या पोरानं पुसलीय."