डब्यातले गणपती

लग्नपत्रिका रद्दीत घालायची नाही, हा आमच्या राजारामपुरीतल्या घराचा पहिला कायदा. पत्रिकेवर गणपती असतो. रद्दीतून ती भेळवाल्याकडे जाणार, तो तिचे तुकडे करून चमचे म्हणून देणार, आणि कुणीतरी गणपतीनं भेळ खाणार. पाप कुणाला? आईला. म्हणून लग्नाचं जेवून आलो की आई कात्री घेऊन बसायची. गणपती कापून बिस्किटांच्या डब्यात, नवरा-नवरी रद्दीत. ज्यांच्याकडे आम्ही दोनदा जिलेबी मागून घेतली, तेही सुटले नाहीत.

मी वकिली शिकत होते. तिला सांगितलं, देवाची विटंबना गुन्हा ठरायला मुद्दाम भावना दुखावण्याचा हेतू लागतो.

"हेतू तुमच्या कोर्टात बघत्यात," आई म्हणाली. "पाय लागला म्हंजी लागला."

मग दादाच्या टी-शर्टवरच्या गणपतीला तू धोपटण्यानं बडवतेस त्याचं काय, असं मी विचारलं. मला वाटलं, केस जिंकली. दुसऱ्या दिवसापासून तो टी-शर्ट ती उलटा करून हातानं चोळू लागली.

पुढे मी नोंदणी पद्धतीनं लग्न ठरवलं. पत्रिका छापली ती कोरी पांढरी: दोन नावं, तारीख, पत्ता. गणपती नाही, कारण मी देव मानत नव्हते आणि ते सगळ्यांना कळायलाच हवं होतं. आईनं पत्रिका उलटून मागेही बघितलं.

"ही पत्रिका हाय व्हय? लाइट बिलावर जास्त छापत्यात की." मग हळू म्हणाली, "देवाला बोलावलं न्हाईस, मग मी तरी कशाला यिऊ?"

ती आली नाही. दिवाळीला फराळ आला, बोलणं सुरू झालं, पण त्या दिवसाचा विषय तिनं कधी काढला नाही. मला विचारायची भीती वाटली. कोर्टात मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे.

गेल्या वर्षी आई गेली आणि डबा माझ्याकडे आला. आतलं बघत बसायची माझी तयारी नव्हती, टाकवतही नव्हता. शेवटी पंचगंगेच्या घाटावर गेले आणि निर्माल्याच्या कुंडाशी उभ्या असलेल्या सफाईच्या बाईंसमोर तो उपडा केला. शेकडो गणपती पडले. बाईंनी त्यातून एक अख्खी पत्रिका बाजूला काढली, उलटून मागेही बघितलं.

"ताई, ह्याच्यावर देव न्हाय. ही रद्दीत घाला."

माझीच होती. तिला कुठेही कात्री लागली नव्हती. आईच्या कायद्यानं ती पहिल्याच दिवशी रद्दीत जायला हवी होती, आणि ती इतकी वर्षं गणपतींच्या डब्यात होती. मला रडू आवरेना. घेताना पत्रिका हातातून निसटून पायावर पडली. मी ती उचलली आणि कपाळाला लावली.

"अवो, देव न्हाय त्यात," बाई म्हणाल्या.

"पाय लागला," मी म्हणाले.